लिग्निनला आपला शब्द कोणता?

खानापूरकर : उसाचं चिपाड आणि घाणेरीच्या काटक्यांतून लिग्निन (झाडाला कडकपणा देणारं द्रव्य) वेगळं कसं काढतात, यावर आमच्या बचत गटासाठी एक पत्रक मराठीत लिहितोय. मी ‘काष्ठद्रव्य’ लिहिलं. चिकोडीकडच्या मामांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “चिपाडात काष्ठ कुठनं आलं रे?” मूळ नावही लॅटिन ‘लिग्नम’ म्हणजे लाकूड यावरूनच, द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१३ साली दिलेलं. पण मामांना ते पटेना. काय लिहू?

अथणीची लेक : भेंडी घेताना आई शेंडा मोडून बघायची. मोडला नाही, तर “निबर झालीया, ठेव.” भेंडीचे धागे असे चिवट होतात ते त्यांत लिग्निन साठल्यामुळंच. मग ‘निबरक’ का नको? शब्द घरातलाच आहे.

निपाणीकर : निबर हा गुण झाला, पदार्थ नव्हे. कष्टानं तळहातही निबर होतो, तिथं कुठलं लिग्निन? आमच्या भागात युरिया, पोटॅश सगळे म्हणतात, कुणाचं अडत नाही. लिग्निनच ठेवा.

अथणीची लेक : युरिया पोत्यावर छापून आला, म्हणून रुळला. लिग्निन अजून कुणाच्या दारात आलेलं नाही. आत्ताच नाव दिलं तर टिकेल.

शब्दवेडा : मला वाटतं, निबर हे ‘निबिड’वरून आलं असावं. माझ्या सासूबाई कन्नड. त्या जून भेंडीला ‘बलित’ म्हणतात आणि चिपाडाला ‘सिप्पे’. चिपाड आणि सिप्पे एकाच घरचे असतील का?

निपाणीकर : नुसत्या नादावर नातं लावू नका. सिप्पे तर फळाच्या सालीलाही म्हणतात.

खानापूरकर : माझी अडचण कृतीच्या वाक्यात आहे. वाळल्या चिपाडात साधारण पाचवा हिस्सा लिग्निन. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवलं की ते सुटतं, पाणी काळं होतं. त्या पाण्यात आम्ल घातलं की गाळ बसतो, तेच लिग्निन. प्लायवुडच्या डिंकात वापरता येतं. मामांना हे तोंडी सांगितलं तर चटकन म्हणाले, “म्हणजे निबरपणा पाण्यात उतरतोय.” तेव्हापासून ‘काष्ठद्रव्य’ लिहायला हात धजत नाही.

अथणीची लेक : मामांचं वाक्य जसंच्या तसं छापा!

निपाणीकर : वाक्य छापा, पण पुढं लिग्निन लिहा. आमच्याकडं गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड जातं, निबरपणा नव्हे.

शब्दवेडा : आणि ‘ते लिग्निन’ की ‘तो लिग्निन’?

जांबोटीचा : ते राहू दे. घाणेरी म्हणजे नक्की कुठली? आमच्याकडं काहीजण रानमोडीलाही घाणेरी म्हणतात. दोन्ही झाडं वेगळी. घाणेरीच्या फांदीला आकडेदार काटे, फुलं लाल-पिवळी. रानमोडीला काटा नाही, फुलं फिकट पांढरी. बायका भलतंच तोडून आणतील.

शब्दवेडा : आमच्याकडं तिला टणटणी म्हणतात.

जांबोटीचा : कुणाला, काटेवालीला की रानमोडीला?