बरक्या (मऊ, रसाळ गऱ्यांच्या) फणसाची वाळवलेली पोळी आतून ओली राहते, आमसुलं चिकट. पावसाआधी काय करावं?

परसदार_खानापूर:
मंडळी, परसात एक बरका फणस आणि एक रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड. दोन्ही मेच्या शेवटी एकदम पिकतात आणि आमच्या खानापूर तालुक्यात जांबोटीकडं जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरतो. फणसपोळी वरून सुकलेली दिसते, पण डब्यात आठ दिवसांत बुरशी. आमसुलंही चिकट राहतात. चुकतंय कुठं?

बरका_गरा:
पोळी जाड पडतेय. वरचा थर आधी सुकून कातडं धरतो, मग आतलं पाणी अडकतं. गरे चाळणीवर रगडून रस काढा, धागे फेका. एक किलो रसाला 100 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. रस थेट उन्हात घालू नका, आंबतो. स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत हलवत 15-20 मिनिटं आटवा. लोखंडी कढई नको, काळपट रंग येतो. ताटाला खोबरेल पुसून 3 मिलिमीटरचा थर पसरा, वर पातळ मलमल. कडा सुटल्या की उलटा. दुसरा थर पहिला हाताला चिकटेनासा झाल्यावरच, नाहीतर पुन्हा तेच दुखणं. घडी घातल्यावर बोटाचा ठसा उमटला नाही तर झाली. ऊन गेलं तर ओव्हन 60 अंशावर, दार जरासं उघडं ठेवून. वाफ बाहेर जायला हवी.

आगळवाला:
आमसुलांचं सांगतो. रातांब्यातल्या बिया आणि गर वेगळे काढा, सालं एक दिवस कडक उन्हात. तोवर गराच्या रसात मीठ विरघळवा, किलोभर सालांना साधारण 100 ग्रॅम. सालं त्यात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं चार-पाच वेळा. बुडवण्याआधी साल कोरडं नसेल तर रस आत मुरत नाही, वरच बसतो, तोच चिकटपणा. ॲल्युमिनियमचं भांडं तर अजिबात नको, आंबटपणा ते खातो.

पण ढग आलेच तर आमसुलांचा हट्ट कशाला? आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, करा की! सालं-गरासकट किलोला 200 ग्रॅम मीठ, काचेच्या बरणीत, रोज कोरड्या लाकडी चमच्यानं हलवायचं, आठवड्यानं गाळायचं. ऊन लागत नाही, सोलकढीला वर्षभर पुरतं. सरबतासाठी सालं 1 किलो, साखर 2 किलो. त्याला मात्र ऊन हवं.

परसदार_खानापूर:
आभारी आहे दादा. याच बरक्याचे गरे तळून चालतील का?

बरका_गरा:
नाही. तळायला कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा फणस लागतो, तोही तयार पण न पिकलेला. पिकला की गोडी वाढते, तेलात करपतो आणि मऊ पडतो. कापा मिळालाच तर पातळ उभ्या पट्ट्या खोबरेलात तळा. कुरकुरीत व्हायला आल्या की चमचाभर मिठाचं पाणी तेलात सोडा, जरा लांबूनच, उडतं. चिकासाठी हाताला, सुरीला आधी तेल.

आठळीचं_सार:
आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया टाकू नका. न धुता सावलीत सुकवून कोरड्या मातीत पुरा, पावसाळ्यात आमटीला होतात. झाडावर गर्दी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच काही कुयऱ्या (कोवळे फणस) भाजीला काढा, म्हणजे मे महिन्यात सगळे फणस एकदम अंगावर येत नाहीत.