मदत हवी आहे: खोकला थांबतच नाही, तातडीने सांगा

वाटचुकार: आधी एकीलाच खोकला होता, आता तिघी खोकतात. सकाळी उठल्या की जास्त, पळाल्या की जास्त. नाक वाहतंय. एकीने खाणं टाकलंय. इंजेक्शन देऊन झालं, फरक शून्य. डॉक्टर परवा येतो म्हणतात. तोवर काय देऊ? 'डॉक्टरला दाखवा' हे सोडून काहीही सांगा.

निंबोणी: केनल कफ दिसतोय. आमच्याकडे एकीला झाला की सगळ्यांना होतो. घशात काही अडकल्यासारखी कोरडी ढास लागते. गळपट्टा काढून छातीचा पट्टा लावा, श्वासनळीवर दाब येत नाही. बहुतेक कुत्री आपोआप बरी होतात.

वाटचुकार: कुत्री कुठून आली मध्येच? शेळ्या आहेत हो.

खडूफळा: धाग्यात 'शेळी' हा शब्द एकदाही नाही. वाचून बघा.

रानवाटा: आल्याचा रस तेलात कालवून बाटलीने पाजा. आमच्या शेळ्या यावरच उठतात.

जुनी_बॅग: पाजू नका! (पशुवैद्यकीतच आयुष्य गेलं, आता निवृत्त.) खोकणाऱ्या जनावराची मान वर करून तेल ओतलं की ते सरळ फुप्फुसात उतरतं. साधी सर्दी असेल तर त्याचा न्यूमोनिया होतो, आणि तेल गेलेलं फुप्फुस सहसा सुधारत नाही.

वाटचुकार, हे सांगा: ताप किती? तोंडात फोड आहेत? जुलाब? पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूचा रोग) लस झाली आहे? कळपात नवं जनावर आलंय? इंजेक्शन कोणतं, किती वेळा?

रानवाटा: आम्ही वर्षानुवर्षं पाजतो, एकही दगावली नाही. डॉक्टरांना घरगुती उपाय नकोच असतात.

वाटचुकार: भांडू नका. ताप 105 फॅरनहाइट. तोंडात बघितलं नाही, खोकला नाकातोंडाचा आहे की छातीचा ते आधी सांगा. लस माहीत नाही. नवा बोकड आणलाय, पण तो ठणठणीत आहे, त्याचा काय संबंध? इंजेक्शन गोठ्यातलं उरलेलं होतं, लेबल निघालंय. ओळखीतल्या एकांकडे गायींचं टिल्मिकोसिन हे अँटिबायोटिक आहे, ते देऊ का?

जुनी_बॅग: नाही, नाही, नाही. टिल्मिकोसिनचं इंजेक्शन शेळीच्या हृदयावर जातं, जागेवर मरते. सुई चुकून तुमच्या हाताला लागली तर तुमच्याही जिवावर बेतेल. गायीचं औषध म्हणजे मोठ्या शेळीचं औषध नव्हे.

निरोगी शेळीचं तापमान साधारण 101.5 ते 103.5 असतं. 105 ही सर्दी नाही. आणि ठणठणीत बोकडाचाच संबंध असू शकतो. लक्षणं दिसायच्या आधीच जनावर रोग पसरवायला लागतं. शिवाय पाश्चुरेलासारखे जंतू निरोगी शेळीच्याही नाका-घशात असतात. प्रवास, गर्दी, हवापालट झाली की तेच छातीत उतरतात.

सातवा_मजला: शेड गोणपाटाने बंद करा. थंड वारं लागलं असणार.

खडूफळा: उलट! बंद शेडमध्ये मुताचा अमोनिया कोंडतो, त्याने श्वासनळीचं अस्तर जळतं. उभं राहून वास घेऊ नका, शेळीच्या नाकाच्या उंचीला खाली बसा. डोळे चुरचुरले तर कारण तिथेच आहे. वारा अंगावर नको, पण वरून हवा खेळती हवी.

सातवा_मजला: मग पिल्लं गारठून मेली की कोण जबाबदार?

पिसारा: अवांतर: पोपट पाळणाऱ्यांनी नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नये. त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो.

खडूफळा: इथे पोपट कोणी विचारला?

वाटचुकार: तोंड उघडून बघितलं. खालच्या हिरडीवर पांढुरके चट्टे, घाण वास. जिने खाणं टाकलंय तिला जुलाबही लागलेत. मघाशी सांगायचं राहिलं, डोळे चिकटलेत.

निंबोणी: ही तर बुळकांडी!

जुनी_बॅग: गुरांची बुळकांडी 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालंय. तिच्याच विषाणूच्या घराण्यातला पीपीआर मात्र आहे, आणि ही लक्षणं त्याच्याशी जुळतात. परवाची वाट बघू नका, डॉक्टरांना आत्ता फोन करून हेच शब्द सांगा: ताप, हिरडीवर चट्टे, जुलाब, नवा बोकड. नमुना तपासल्याशिवाय खात्री होणार नाही. विषाणूवर औषध नाही. अँटिबायोटिक देतात ते मागाहून येणाऱ्या न्यूमोनियासाठी, आणि कोणतं, किती दिवस, ते तेच ठरवतील. आजारी शेळ्या वेगळ्या बांधा, त्यांची पाण्याची भांडीही वेगळी. चांगल्या शेळ्यांचं काम आधी उरका, आजारींकडे शेवटी जा. पाणी समोर ठेवा, ओतू नका. लस कधी द्यायची तेही त्यांनाच विचारा.

रानवाटा: हे माणसाला लागतं का?

जुनी_बॅग: पीपीआर लागत नाही.

वाटचुकार: फोन लागला, आजच येतायत. तोवर बोकड ज्याच्याकडून आणला त्याला परत देऊन टाकू का?

जुनी_बॅग: अजिबात नाही. एकही जनावर बाहेर जायचं नाही, विकायचं तर नाहीच. त्या माणसाला फोन करून त्याच्या कळपात कोणी खोकतंय का, ते मात्र विचारा.