मदत हवी आहे: ‘ब्रेकिंग बॅड’चा रंगतक्ता भलतेच रंग दाखवतोय (स्पॉयलर आहेत)

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेतल्या (२००८ ते २०१३, ५ सीझन, ६२ भाग; रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्ट व्हाइट मेथ हे अमली द्रव्य बनवू लागतो) रंगांच्या वापरावर लेख लिहायचा आहे. ‘हिरवा म्हणजे पैसा, जांभळा म्हणजे अमुक’ छापाच्या याद्या नेटवर ढिगाने पडल्या आहेत. त्या तशाच उचलण्यापेक्षा रंग मोजूनच बघावेत असं ठरवलं.

पद्धत अशी: एफएफएमपेग या व्हिडिओ-साधनाने दर ५ सेकंदांना एक फ्रेम काढायची, ओपनसीव्ही या चित्र-प्रक्रियेच्या लायब्ररीने वाचून एचएसव्हीत (ह्यू म्हणजे रंगछटा, सॅच्युरेशन म्हणजे रंगाची तीव्रता, व्हॅल्यू म्हणजे उजळपणा) न्यायची, सगळ्या पिक्सेलच्या ह्यूची सरासरी काढायची आणि त्या रंगाचा एक उभा पट्टा मारायचा. ४७ मिनिटांच्या भागाचे साधारण ५६० पट्टे होतात.

अडलंय ते असं:
१. पाचव्या सीझनमध्ये पेस्ट कंट्रोलच्या तंबूत घातलेले पिवळे सूट फिरोजी दिसतात, मेथचे निळे स्फटिक नारिंगी. वाळवंटही निळसर. वॉल्टची मेहुणी मारी हिचा जांभळा मात्र बरोबर येतो, त्यामुळे चूक कुठे आहे तेच कळत नाही.
२. दुसऱ्या सीझनच्या ज्या भागांची सुरुवात कृष्णधवल आहे, तिथे लाल रंगाची प्रचंड उसळी येते.
३. आणि मुळात, मोजलेल्या रंगावरून ‘हे मुद्दाम केलंय’ असं कधी म्हणता येतं?

प्रतिसाद १

पहिल्याचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. ओपनसीव्ही फ्रेम वाचतं ती बीजीआर (निळा-हिरवा-लाल) क्रमाने; तुम्ही ती आरजीबी (लाल-हिरवा-निळा) समजून एचएसव्हीत नेताय. लाल आणि निळ्याची अदलाबदल होते. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, तो निळा अधिक हिरवा होतो, म्हणजे फिरोजी. जांभळ्यात लाल आणि निळा जवळपास सारखे असतात, त्यांची अदलाबदल झाली काय अन् नाही काय, जांभळा तो जांभळाच. मारीवर विसंबून तपासणी केली की ही चूक कधीच सापडत नाही. रूपांतर ‘बीजीआर ते एचएसव्ही’ करा.

दुसरं: राखाडी पिक्सेलला ह्यू नसतोच. ओपनसीव्ही तिथे ० भरतं, आणि ० म्हणजे लाल. सॅच्युरेशन किंवा व्हॅल्यू ४० च्या खाली (२५५ पैकी) असलेले पिक्सेल मोजणीतून काढा. पण कृष्णधवल फ्रेम सरसकट फेकू नका, त्यांची वेगळी यादी ठेवा. त्या सुरुवातींत रंगीत असतं ते गुलाबी टेडी बेअर, आणि सगळी गंमत तिथेच आहे. अशा फ्रेमसाठी सरासरीऐवजी सर्वांत जास्त सॅच्युरेशन असलेले १ टक्का पिक्सेल बघा.

प्रतिसाद २

वरच्याला जोड. फ्रेम लहान करून मोजत असाल तर जपून. ‘बेटर कॉल सॉल’ या जोडमालिकेच्या शेवटच्या भागात (२०२२) कृष्णधवल दृश्यात सिगारेट पेटवताना ज्योत तेवढी रंगीत आहे. १६० पिक्सेल रुंदीवर आणून के-मीन्सने (जवळजवळचे रंग एकत्र करणारी पद्धत) ६ गट पाडले तर ती ज्योत राखाडीत विरून जाते. तक्ता म्हणेल ‘इथे रंग नाही’, आणि लेखातला सर्वांत मोठा मुद्दा हातचा जाईल.

शीर्षकाची हिरवी पाटी आणि शेवटची नामावली आधी कापा. प्रत्येक भागात तेच हिरवं मोजलं गेलं तर ‘हिरवा म्हणजे पैसा’वाल्यांना आयता पुरावा मिळेल.

धागाकर्ता

दोन्ही बदल केले. सूट पिवळे झाले, लाल उसळी गेली. पण आता जवळपास सगळे भाग तपकिरी आहेत.

प्रतिसाद ३

होणारच. चेहरे, हात, वाळवंट, लाकडी फर्निचर, सगळं त्याच नारिंगी-तपकिरी पट्ट्यात येतं. पायलटमधला (पहिल्या भागातला) वॉल्टचा बेज पोशाखही त्यातच बुडतो. पूर्ण फ्रेमचा तक्ता छायाचित्रण आणि लोकेशनबद्दल सांगतो, पात्राबद्दल नाही. मेक्सिकोतल्या दृश्यांवर पिवळसर छटा आहे. ती जागेची खूण आहे. तिथला पिवळा शर्ट कदाचित पांढराच असेल. म्हणून त्याच फ्रेममधली एखादी पांढरी वस्तू आधी मोजायची आणि तिच्या तुलनेत कपडा.

कपड्यांसाठी आळस सोडून हाताने काम करा. दर दृश्याला दर पात्राची एक फ्रेम, आणि छातीवरच्या कापडाचा सावली नसलेला ४० बाय ४० पिक्सेलचा चौकोन. तक्त्यात रकाने: भाग, मिनिट, पात्र, रंग, दिवस की दिव्याचा उजेड, समोर कोण, मागच्या दृश्यापेक्षा बदलला का.

शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तोच. मारी जांभळ्यात आहे हे लिहून काही हाती लागत नाही. तिचं घरही जांभळ्या वस्तूंनी भरलंय. ती जांभळ्यात नाही ते प्रसंग वेगळे काढा आणि कथेत तिथे काय घडतंय ते बघा. प्रत्येक रंगाला एक अर्थ चिकटवणारा कोश मात्र करू नका, तिसऱ्या सीझनपर्यंत तो फाटतो.

पुराव्याची प्रत अशी लावा. सर्वांत वर, मालिकेतच बोललं गेलेलं: वॉल्टचा जुना भागीदार एलियट, त्याचं आडनाव श्वार्ट्झ, म्हणजे जर्मनमध्ये काळा, वॉल्ट व्हाइट, दोघांची कंपनी ग्रे मॅटर. हे पात्रंच सांगतात, वाद संपला. त्याखाली, योगायोग म्हणून झटकता न येणारी रचना: टेडीच्या चार भागांची नावं (दुसऱ्या सीझनचे १, ४, १०, १३) ओळीने वाचली की ‘सेव्हन थर्टी-सेव्हन डाउन ओव्हर एबीक्यू’ (७३७ विमान अल्बुकर्कीवर कोसळलं; एबीक्यू म्हणजे अल्बुकर्की, मालिका घडते ते शहर) असं विमान अपघाताचं वाक्य होतं. मग वेशभूषेतला वारंवार दिसणारा बदल. इथे एक लक्षात ठेवा: वेशभूषाकार पहिल्या चार सीझनना कॅथलीन डेटोरो आणि पाचव्याला जेनिफर ब्रायन, त्यामुळे चौथ्यानंतरच्या फरकाला हेही कारण असू शकतं. एकाच फ्रेमवर उभं केलेलं सगळं सर्वांत खाली, ते कितीही सुंदर असो.

आणि निळा माल (मेथ) ‘निळा म्हणून शुद्ध’ असं लिहू नका. खऱ्या रसायनशास्त्रात शुद्ध स्फटिक रंगहीन असतात. निळा हा मालिकेने दिलेला शिक्का आहे.

धागाकर्ता

चौकोनांची पद्धत जमतेय. एक शेवटचं: टेडीचा गुलाबी दोन तुकड्यांत येतो, काही १७५ च्या आसपास, काही ३ च्या. सरासरी काढली तर फिरोजी! बीजीआर परत तपासलं, ते बरोबर आहे.

प्रतिसाद १

ह्यू गोल आहे, ओपनसीव्हीत ० ते १७९. १७५ आणि ३ शेजारी आहेत, पण त्यांची साधी सरासरी ८९ येते, म्हणजे बरोबर समोरचा रंग. प्रत्येक ह्यूत ९० मिळवा, १८० ने भागून बाकी घ्या, मग सरासरी काढा आणि शेवटी ९० वजा करा. उत्तर ऋण आलं तर १८० मिळवा. तुमच्या आकड्यांना १७९ येईल, म्हणजे गुलाबी. ही युक्ती लाल-गुलाबीपुरतीच वापरा. फिरोजी वस्तूला लावलीत तर तीच चूक उलट्या बाजूने होईल.