एक शून्य वाढले की तोटा दुप्पट कसा होतो?

प्रश्न:
रुलेट या कॅसिनोतील खेळात फिरत्या चाकावर चेंडू सोडतात आणि तो कोणत्या कप्प्यात पडेल यावर पैजा लावतात. या खेळाच्या युरोपीय चाकावर एकच शून्य असते आणि अमेरिकी चाकावर त्याच्या जोडीला दुहेरी शून्यही असते. म्हणजे ३७ ऐवजी ३८ कप्पे. लाल रंगावर पैज लावली तर जिंकण्याची शक्यता ४८.६५ टक्क्यांवरून ४७.३७ टक्क्यांवर येते, हे मी स्वतः मांडून पाहिले. घट सव्वा टक्क्याच्या आसपासच आहे, तरीही सरासरी तोटा २.७० टक्क्यांवरून ५.२६ टक्क्यांवर जातो असे वाचले. हे कसे?

पहिले उत्तर:
आपले सगळे आकडे बरोबर आहेत. गोम मोबदल्यात आहे. एका आकड्यावरची पैज लागली की एकास पस्तीस मिळतात आणि लावलेले नाणे परत येते. चाकावर ३६च कप्पे आहेत असे धरून ठरवलेला हा दर, शून्ये कितीही वाढली तरी बदलत नाही. आता समजा, आपण प्रत्येक कप्प्यावर एकेक नाणे ठेवले. युरोपीय चाकावर ३७ नाणी गेली आणि चेंडू कुठेही पडला तरी ३६ हाती आली. अमेरिकी चाकावर ३८ गेली आणि आली तीच ३६. शून्यच नसते तर तोटाही नसता, म्हणून कप्प्यांची एकूण संख्या जेमतेम वाढली तरी तोट्याचे कप्पे एकाचे दोन झाले. काही कॅसिनोंत तीन शून्यांची चाकेही आहेत. तिथे ३९ नाण्यांमागे ३६च परत येत असल्याने तोटा ७.६९ टक्के होतो.

दुसरे उत्तर:
वरील मांडणी अचूक आहे, पण चाकाबरोबर मेजाचे नियमही विचारून घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. फ्रेंच पद्धतीच्या मेजांवर ‘ला पार्ताज’ हा नियम असेल, तर शून्य आल्यावर लाल-काळा किंवा सम-विषम अशा पैजांची निम्मी रक्कम परत मिळते आणि एका शून्याच्या चाकावर त्या पैजांवरचा तोटा १.३५ टक्क्यांवर येतो. याउलट अमेरिकी मेजावर शून्य, दुहेरी शून्य, १, २ आणि ३ या पाच आकड्यांवर एकत्रित पैज लावता येते; तिचा दर एकास सहा असल्याने तोटा ७.८९ टक्के, म्हणजे त्या मेजावरच्या इतर पैजांपेक्षा कितीतरी जास्त. ती लावूच नये.

प्रश्नकर्ता:
प्रत्येक कप्प्यावर नाणे ठेवून पाहिल्यावर उलगडा झाला, मनापासून आभार. आणखी एक शंका: दोन्ही चाकांवर आकड्यांचा क्रम वेगळा असतो, त्याने काही बिघडते का?

पहिले उत्तर देणारे:
नाही. चाक समतोल असेल आणि कप्पे सारखे असतील, तर क्रम कोणताही असला तरी प्रत्येक कप्प्याची शक्यता तेवढीच राहते. चाकातच दोष असेल तर गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या जोसेफ जॅगर यांनी माँटे कार्लोच्या कॅसिनोतील एका चाकावरचे आकडे टिपून घेतले, वारंवार येणारे आकडे हेरले आणि त्यांवर मोठी रक्कम जिंकली.