आयुष्य खरंच कुणाच्या ताब्यात असतं का?

निफाडचा_बागायतदार

परवा पुण्याहून भाचा आला होता. बागेत फिरताना म्हणाला, "मामा, आयुष्य आपल्या कंट्रोलमध्ये ठेवायला शिकलं पाहिजे. बाकी सगळ्या सबबी." पोरगा गुणी आहे, म्हणून तिथे काही बोललो नाही. पण दोन रात्री तेच डोक्यात घोळतंय.

माझी अडीच एकर थॉमसन द्राक्षाची बाग. तीन वर्षांपूर्वी गोडी छाटणी, म्हणजे फळ धरायची छाटणी, दहा सप्टेंबरला घेतली. माल लवकर निघाला की भाव बरा मिळतो, हा हिशेब. बोर्डो हे बुरशीनाशक वेळेवर मारलं, घडांतले जादा मणी काढायची विरळणी नीट करून घेतली, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला स्वतः उभा राहिलो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मण्यांत पाणी उतरलेलं, गोडी भरत होती, व्यापारी बाग बघून गेला होता. आणि दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी मणी तडकलेले आणि अख्ख्या बागेत आंबूस वास. फळपीक विमा होता. पण पाऊस मोजला जातो महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या यंत्रावर, आणि ते आमच्यापासून नऊ किलोमीटर लांब. तिथे निकषाएवढा पाऊस भरला नाही. हातात काही आलं नाही.

शेजारच्या तात्यांची छाटणी नऊ ऑक्टोबरची. तीही मजुरांची टोळी वेळेवर मिळाली नाही म्हणून लांबलेली. त्यांचे मणी अजून हिरवे, टणक होते. त्या पावसाने त्यांना धक्का लागला नाही. तेव्हापासून गावात तात्या 'अभ्यासू शेतकरी' आणि मी 'घाई करणारा'. तात्यांना स्वतःला हे ऐकून कानकोंडं होतं.

म्हणून माझं मत असं, की ताबा कुणाकडेच नसतो. निकाल लागल्यावर लोक तो मागून चिकटवतात. ज्याचं जमलं तो हुशार, ज्याचं फसलं तो चुकार. माझ्या बरोबरीचा एक मित्र कर्जापेक्षा या दोषानेच खचला आणि आज तो आमच्यात नाही. म्हणून हा शब्द मला सोसत नाही.

हिशेबी

दादा, वाचून वाईट वाटलं. तरी मी तुमच्या भाच्याच्या बाजूने.

मी सतरा वर्षांचा असताना वडील हृदयविकाराने गेले. विमा नाही, बचत नाही, घर भाड्याचं. पुढची सहा वर्षं मी काय शिकायचं, बहिणीचं लग्न कधी करायचं, आईने कुठे राहायचं, हे सगळं काका ठरवायचे. माणूस चांगला, पण ठरवायचे तेच. आज माझा टर्म इन्शुरन्स आहे, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे, दरवर्षी रक्त तपासतो. मृत्यू माझ्या हातात नाही, हे मला तुमच्याइतकंच कळतं. पण मी गेल्यावर माझ्या मुलाने कुणापुढे उभं राहायचं, ते थोडंफार माझ्या हातात आहे. यालाच मी ताबा म्हणतो. "काहीच हातात नसतं" असं माझे वडीलही म्हणायचे.

लेकीची_आई

मला दोघांशी भांडायचं आहे.

माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, रोज टोचावं लागतं. ती अकरा वर्षांची आहे, निदान होऊन चार वर्षं झाली. आमच्या घरात 'कंट्रोल' हा रोजचा शब्द आहे. "शुगर कंट्रोलमध्ये आहे ना?" नातेवाईक विचारतात, शाळेतल्या बाई विचारतात, शेजारच्या काकू विचारतात.

हिशेबीदादा, सोमवारी एक भाकरी, डाळ आणि इन्सुलिनची ठरलेली मात्रा दिली तर दोन तासांनी १४०. मंगळवारी तीच भाकरी, तीच मात्रा, तर २६०. कारण? कधी अंगात कसर असते, कधी गणिताची परीक्षा, कधी सुई रोज एकाच जागी टोचून तिथे गाठ धरलेली असते. कधी कारण सापडतच नाही. सुरुवातीची दोन वर्षं मी प्रत्येक वाढलेला आकडा स्वतःच्या खात्यावर लिहिला. एकदा तर मुलगीच मला म्हणाली, "आई, सॉरी, माझी शुगर वाढली." तिच्या तोंडून सॉरी ऐकलं आणि मी आतून हादरले. बागायतदारदादा म्हणतात तो दोष असाच अकरा वर्षांच्या मुलीपर्यंत पोचतो.

पण दादा, "ताबा नसतोच" हे वाक्य मला परवडत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. पहिलं इंजेक्शन पुरेसं शुद्ध नव्हतं, फारसं जमलं नाही. अर्क आणखी शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिलं आणि तो सावरला. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडा काळ जगवायचे, बस. माझी मुलगी कालच कबड्डी खेळून आली.

आणि डॉक्टर चांगलं नियंत्रण कशाला म्हणतात ठाऊक आहे? साखर सतत मोजणारा सेन्सर लावला असेल तर चोवीस तासांपैकी ७० टक्के वेळ साखर ७० ते १८० च्या दरम्यान. शंभर टक्के कुणी मागतच नाही. हे कळलं त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. चार वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटून रडले.

रात्री तीनचा गजर अजूनही लावते. ५४ आकडा दिसला की साखरेचं पाणी पाजते. त्या वेळी ताबा आहे की नाही, हा प्रश्न मनात येत नाही.

उमरगेकर

३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूरकडे आमचं मोठं गणगोत होतं.

भूकंपावर कुणाचा ताबा? मान्य. पण माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींखाली आणि वर थापलेल्या मातीच्या माळवदाखाली. माझी आत्या कुडाच्या खोपीत झोपली होती म्हणून वाचली. घर कसं बांधायचं हे माणसाच्या हातात असतं. आधी कळलं नव्हतं एवढंच. बागायतदार, तुमचा मुद्दा मनाला पटतो, पण त्याचा फायदा घेऊन उद्या कुणीही "देवाची करणी" म्हणून मोकळा होईल.

गेवराईचा_मास्तर

सगळ्यांचं वाचलं. सगळे माणूस आणि नशीब यांच्यातच वाटणी करताय. ताबा घेणारा तिसरा असतो, त्याचं नाव कुणी काढलं नाही.

माझ्या शाळेतल्या निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की पुढचे पाच-सहा महिने कुठल्या फडात जायचं, किती वाजता उठायचं, मोळ्या कधी भरायच्या, हे त्याच्या हातात. एक दिवस पडून राहिलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या त्रासाने खाडा पडू नये म्हणून ऐन तारुण्यात गर्भपिशवी काढून घेतलेल्या बायका आमच्या जिल्ह्यात आहेत. २०१९ मध्ये हे विधिमंडळापर्यंत गेलं. त्यांच्या शरीरावरचा ताबा ना निसर्गाने नेला ना दैवाने. तो उचलीच्या हिशेबात गेला.

हिशेबीसाहेब, तुमचे सहा महिने बाजूला आहेत, चांगलंच आहे. इथे सहा महिने आधीच खर्चून झालेले असतात.

हिशेबी

मास्तर, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी काकांबद्दल लिहिलं तेव्हा हेच म्हणायचं होतं का, असा विचार करतोय. वडिलांनी बेफिकिरी केली असंच मी आजवर धरून चाललो. ते गिरणीत बदली कामगार होते, संपानंतर त्यांना कायम काम मिळालंच नाही. बाजूला काय टाकणार होते?

निफाडचा_बागायतदार

ताई, तुमचा ७० टक्क्यांचा आकडा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, हे त्या वर्षी कुणी आपल्याला सांगायला हवं होतं.

उमरगेकर, तुमच्या भिंतींचं मान्य करतो. मी "कुणाकडेच नसतो" लिहिलं ते जास्त झालं. यंदा तात्या आणि मी बसून ठरवलंय. एक एकर सप्टेंबरअखेर छाटायची, दीड एकर पंधरा ऑक्टोबरला. पाऊस आला तर कुठल्या तरी एका भागावर येईल. दोन्हीवर आला तर आला, पण मग मला कुणी 'घाई केली' म्हणू नये, आणि मीही स्वतःला म्हणणार नाही. भाच्याला हा धागा पाठवलाय. अजून काही बोलला नाही.

मास्तर, तुमचं मात्र मनातून जात नाही. माझ्या विरळणीलाही बाहेरगावच्या बायकांची टोळी येते. त्यांच्या उचलीचा हिशेब मी आजवर कधी विचारला नाही.

गेवराईचा_मास्तर

विचारा, दादा. मुकादमाला नको, बायकांनाच विचारा.

मी आता उठतो. दसरा झाला की आमच्याकडच्या टोळ्या निघतील. त्याआधी आठ घरं फिरायची आहेत. आजीआजोबांना विचारायचं, पोरगं मागे ठेवाल का, हंगामी वसतिगृहात दोन वेळचं जेवण मिळेल, शाळा बुडणार नाही. मागच्या वर्षी तीन घरांनी हो म्हटलं होतं. एका आजीने आधी हो म्हटलं आणि गाडी सुटताना नातीला उचलून वर बसवलं. यंदा त्या घरी सगळ्यांत आधी जाणार आहे.