प्रस्ताव लिहायला बाहेरचा माणूस ठेवावा का? आणि ठेवला तर फी, की टक्के?

कोयत्याची_लेकरं
बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी आम्ही हंगामी वसतिगृह चालवतो. दसरा-दिवाळीला टोळ्या निघाल्या की लेकरं आमच्याकडं येतात, मार्च-एप्रिलात आई-बाप परतले की घरी जातात. यंदा 62 आहेत. आजवर गावची वर्गणी आणि पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेली आमचीच पोरं, यांवर भागलं. आता एका कंपनीचा सीएसआर (कंपन्यांनी समाजकामावर खर्च करायचा पैसा) मिळेल असं दिसतंय, पण फॉर्म 18 पानांचा आणि सगळा इंग्रजीत. पुण्यातले एक गृहस्थ भेटले, फ्रीलान्स प्रपोजलं लिहितात. म्हणाले, आगाऊ रुपयाही नको, मंजूर झालं तर 10 टक्के द्या. विश्वस्त खूश आहेत. नाहीच मिळालं तर आपलं काय जातंय, असं त्यांचं म्हणणं. मला हे खटकतंय, पण का खटकतंय ते मीटिंगमध्ये सांगता येईना.

हिशेबनीस
ते 10 टक्के कुठल्या खात्यातून देणार, एवढंच विचारा मीटिंगमध्ये. 15 लाख मंजूर झाले तर दीड लाख. करारात किराणा असतो, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार असतो, गाद्या-वह्या असतात. 'मंजुरी आणल्याबद्दल' असं शीर्ष नसतं. मग ते पैसे किराण्यात लपतात. मी एका संस्थेची वही तपासली होती. मुलं 40, महिन्याची तूरडाळ 3 क्विंटल. भागाकार करून बघा, पोरामागं रोज पाव किलो डाळ! सचिव म्हणाले, आमची मुलं डाळ जास्त खातात.

आणि उद्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या घ्यायची परवानगी, घेतलंत तर आणखी पंचाईत. 2020 च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली, व्यावसायिक फी त्यातच मोजतात.

जुना_झोळीवाला
मुळात बाहेरचा माणूस हवाच कशाला? कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करून बोर्डिंगं चालवली. त्यांना कोणी प्रपोजल लिहून दिलं होतं? वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेली एखादी पदवीधर मुलगी असेलच की तुमच्याकडे. तिला बसवा संगणकावर. पहिलं वर्ष चुकेल, दुसऱ्या वर्षी जमेल. भाड्याचा माणूस पैसे घेऊन जातो, शिकलेलं संस्थेत राहत नाही.

कागदवाली
झोळीवाले काका, मुष्टिफंडाला सीएसआर-1 नंबर, म्हणजे कंपन्यांचा पैसा घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, लागत नव्हता. आता कंपनीकडून पैसे घ्यायचे तर तो लागतो (1 एप्रिल 2021 पासून सक्तीचा), आयकराची 12ए आणि 80जी नोंदणी लागते, तीन वर्षांचे ऑडिट लागतात, वर बजेट आणि कोणत्या महिन्यात काय होणार त्याचा तक्ता. मुलगी शिकेल, जरूर शिकवा. पण या हंगामातल्या 62 जणांचं काय करायचं तोवर?

मी हेच काम करते, नऊ वर्षं झाली. टक्केवारीवर करत नाही. अमेरिकेतल्या अनुदान-लेखकांच्या संघटनांच्या आचारसंहितेतच ते निषिद्ध आहे, आपल्याकडे मात्र सर्रास चालतं. टक्क्यांवर काम करणारा तुमची गरज 9 लाखांची असली तरी 20 लाखांचं बजेट करणार, त्याचं पोटच त्यावर आहे. मी कामाची फी ठरवते, अर्धी आधी, अर्धी मसुदा दिल्यावर. मंजुरीशी तिचा संबंध नाही. यावर मला हमखास ऐकवतात, "ताई, समाजकार्य आहे, थोडं सांभाळून घ्या." वसतिगृहाच्या गॅस सिलिंडरवाल्याला कोणी असं म्हणतं का?

हिशेबनीस
फी ठरावीक असली तरी ती संस्थेच्या खुल्या, म्हणजे कसली अट नसलेल्या, पैशातून द्यावी लागणार, आणि लहान संस्थांकडं तेवढंच नसतं. हे तुम्ही सोयीनं गाळलंत, ताई.

कागदवाली
गाळलं नाही, कबूल आहे. म्हणून तर लहान संस्थेला मी हप्ते देते.

टेबलापलीकडून
मी एका कंपनीच्या सीएसआर विभागात आहे, नाव विचारू नका. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे आमच्यासारख्या मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान 2 टक्के खर्च करायचे असतात आणि मार्च जवळ आला की आमच्याकडे ढीग लागतो. भाड्यानं लिहिलेलं तिसऱ्या परिच्छेदात कळतं. एकदा सोलापूरच्या संस्थेचा प्रस्ताव होता, पान 7 वर 'सातपुड्यातील पाडे' तसेच राहिलेले. त्याहून वाईट म्हणजे सचिवांना फोन केला, बजेटमधल्या टॅबचं काय करणार विचारलं, तर ते म्हणाले, "कसले टॅब?" मोडकं इंग्रजी चालतं हो मला. मराठीत पाठवलेलंही मी वाचलंय. साहेब लोकांना चालत नाही, हे मात्र खरं.

कागदवाली
वाईट सुतार भेटला म्हणून घरात पाट करायचे थांबतात का? आणि तुमच्या बाजूचंही सांगा ना. 'प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या वर नको' असं तुमचे लोक संस्थांना ऐकवतात. 2021 च्या नियमांत ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. प्रकल्पाची आखणी, देखरेख हा खर्च त्यात धरतच नाहीत.

टेबलापलीकडून
बरोबर आहे. आमच्याकडेही ऐकवतात. मीही ऐकवलंय.

जुना_झोळीवाला
ताई, एक सांगा. तुम्ही पुण्यात बसून लिहिणार. कंपनीचा पैसा मार्चला येतो, तेव्हा लेकरं घरी निघालेली असतात. धान्य भरायचं असतं दसऱ्याला. हे तुमच्या तक्त्यात येणार कुठून?

कागदवाली
हे मला माहीत नव्हतं, काका. म्हणूनच मी दोन दिवस मुक्काम मागते, आणि लिहिताना संस्थेचं एक माणूस शेजारी हवं असा आग्रह धरते. तुमची ती पदवीधर मुलगी चालेल.

कोयत्याची_लेकरं
काल मीटिंगमध्ये डाळीचा भागाकार वाचून दाखवला. अध्यक्ष आधी हसले, मग बराच वेळ बोलले नाहीत. पुण्याच्या गृहस्थांना ठरावीक फीचं विचारलं, त्यांनी अजून फोन उचललेला नाही. दोन विश्वस्त अजूनही फुकटचं सोडू नका म्हणतायत, त्यामुळं ठराव लटकलाय. कागदवाली ताई, तुमची फी आणि हप्ते कळवा, पुढच्या बैठकीत ठेवते. याल तेव्हा अंथरूण घेऊन या. गाद्या 62 च आहेत.