मदत हवी आहे: बंद फीडवॉटर हीटरचं गणित चुकतंय की बरोबर आहे?

नमस्कार मंडळी, थर्मल प्लँटमध्ये काम केलेलं कुणी असेल तर प्लीज बघा. (फीडवॉटर हीटर म्हणजे टर्बाइनमधून काढलेल्या वाफेने बॉयलरला जाणारं पाणी तापवणारं यंत्र.)

गणित असं: वाफ 150 बार, 600 अंश सेल्सिअस. कंडेन्सर 0.1 बार. टर्बाइन आणि पंप आदर्श. साध्या रँकिन सायकलची (बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर, पंप; हीटर नाही) कार्यक्षमता 43 टक्के येते. 12 बारला टर्बाइनमधून वाफ काढून ओपन हीटरमध्ये (इथे वाफ पाण्यातच मिसळते) सोडली, तर एकूण वाफेचा 0.227 भाग लागतो आणि कार्यक्षमता 46.3 टक्के होते. किलोमागे मिळणारं काम 1453 वरून 1282 किलोज्यूलवर येतं, पण बॉयलरला उष्णताही कमी द्यावी लागते, म्हणून हे पटतं. (पटायला दोन दिवस गेले, ती गोष्ट वेगळी.)

आता त्याच दाबावर बंद हीटर (इथे वाफ आणि पाणी मिसळत नाहीत) घेतला. फीडवॉटर 188 अंशांवर बाहेर, ड्रेन (वाफेचं झालेलं पाणी) ट्रॅपमधून, म्हणजे फक्त पाणी जाऊ देणाऱ्या झडपेतून, थेट कंडेन्सरला. ट्रॅपच्या आधी आणि नंतर एन्थाल्पी (किलोमागची ऊर्जा) तीच, 798 किलोज्यूल. वाफ लागते 0.29 भाग आणि कार्यक्षमता उतरून 44.5 टक्के! ड्रेनची उष्णता कंडेन्सरमध्ये वाया जाते, हेच कारण ना? की माझं कुठे चुकतंय?

दुसरं, ड्रेन पंपाने पुढे फीडलाइनमध्ये ढकललं तर ओपन हीटरइतकीच कार्यक्षमता मिळेल का? ओपन हीटरला प्रत्येकी वेगळा पंप लागतो म्हणून प्लँटमध्ये तसा एकच, डीएरेटर (पाण्यात विरघळलेली हवा काढणारा), असतो हे माहीत आहे. पण मग बाकीच्या हीटरांचं ड्रेन प्रत्यक्षात कुठे नेतात?

परवा तोंडी परीक्षा आहे, सर नेमकं हेच विचारतात.